संशोधक विद्यार्थ्यांचं मंडळ कशासाठी?

विज्ञान विभागात पीएच.डी. करणारा विद्यार्थी कागदोपत्री विद्यापीठाचा असतो. रोजच्या व्यवहारात तो एका माणसाचा असतो. विषय गाईड सुचवतात. लॅबमधली जागा गाईड देतात. केमिकलच्या मागणीपत्रावर सही त्यांची, महिन्याच्या हजेरीवर सही त्यांची, प्रगती अहवालावर त्यांची, प्रबंधावर त्यांची. डिग्री हातात पडल्यावर पोस्ट-डॉकसाठी अर्ज करायचा, तर पहिलं शिफारसपत्रही त्यांच्याकडेच मागावं लागतं. एम.एस्सी.च्या मुलाला एका सरांचं शिकवणं समजलं नाही तर तो दुसऱ्या सरांकडे शंका घेऊन जातो. संशोधक विद्यार्थ्याला ती मुभा नसते. गाईड मनाने मोठे आणि कामाला पक्के असतील तर या नात्यासारखं दुसरं सुख नाही, आणि तसे गाईड आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी अशाच एका सरांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे बरीच वर्षं स्वतः गाईड होतो. पण गाईड आजारी पडले, दुसऱ्या विद्यापीठात गेले, निवृत्त झाले, किंवा कुणाचीही चूक नसताना दोघांचं पटेनासं झालं, तर विद्यार्थ्याची चार-पाच वर्षं टांगणीला लागतात. अशा वेळी कुणाशी बोलावं हेही त्याला कळत नाही.

विभागात संशोधक विद्यार्थ्यांचं मंडळ हवं ते मुख्यतः यासाठी. नव्या मुलांचं स्वागत, विज्ञान दिनाची व्याख्यानं, सेमिनारनंतरचा चहा, क्रिकेटचे सामने हे सगळं मंडळ करतंच, आणि करावंही. पण त्याचं मूळ काम एकच आहे: कुठल्याही विद्यार्थ्याचं सगळं भवितव्य एकाच माणसाच्या हाती राहू नये, एवढं बघणं. या पुस्तिकेत पुढे सुरक्षेपासून फेलोशिपपर्यंत जे जे आलं आहे, ते या एका कामाच्या पोटातलं आहे, असं समजून ती वाचावी.

१९९८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका हुशार विद्यार्थ्याने आत्महत्या केली. इथे प्राध्यापकांच्या हाती विद्यार्थ्यांच्या आयुष्याची फार सत्ता आहे, प्रत्येकाच्या कामाकडे एकाऐवजी तीन प्राध्यापकांनी लक्ष द्यावं, असं त्याने मागे लिहून ठेवलं होतं. त्यानंतर विभागाने विद्यार्थ्यांना गाईडखेरीज आणखी दोन प्राध्यापकांना आपल्या प्रबंधाच्या कामाशी जोडून घेण्याची सोय केली. इतकी साधी सोय व्हायला एक तरुण जीव जावा लागला, याचं मला आजही फार वाईट वाटतं. अशी मागणी एकट्या विद्यार्थ्याने, तीही आयुष्याच्या अशा टोकाला पोचून, करायची नसते. ती सगळ्यांच्या वतीने, शांतपणे, विभागप्रमुखांच्या टेबलावर दरवर्षी ठेवणारं कुणीतरी असावं लागतं.

आपल्याकडे नियमांत ही सोय आहे. यूजीसीच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आपली आरएसी, मिळते आणि दर सेमिस्टरला तिच्यापुढे कामाची मांडणी करावी लागते. पण त्या समितीचे निमंत्रक गाईडच असतात. लॅबमध्ये सहा महिने उपकरण बंद पडून आहे, किंवा गाईडना भेटायला वेळच मिळत नाही, हे विद्यार्थ्याने गाईडच्या शेजारी बसून समितीला सांगायचं असतं. कोण सांगेल? म्हणून प्रगती अहवालात ‘काम समाधानकारक’ असं येतं आणि पुढचे सहा महिने तसेच जातात. नियम चांगला आहे. त्यात बोलण्याची हिंमत मात्र नियमाने येत नाही, ती सोबतीने येते.

ही सोबत कशी उभी राहते, याचं मला सर्वांत भावलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचं आहे. मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीच्या काठी हे विद्यापीठ आहे. स्मिथ हॉल आणि कोल्थॉफ हॉल या इमारतींत हा विभाग चालतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी दोन कामं अशी केली की ती आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येतील.

पहिलं काम सुरक्षेचं. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्शरी ब्युटाइल लिथियम हे हवेत आपोआप पेट घेणारं रसायन सिरिंजने काढताना एका तरुण संशोधन सहायिकेच्या कपड्यांना आग लागली. तिच्या अंगावर लॅब कोट नव्हता. अडीच आठवड्यांनी ती गेली. २०१० च्या जानेवारीत टेक्सास टेक विद्यापीठात स्फोटक संयुगाचा मोठा साठा एकाच वेळी तयार केल्यामुळे झालेल्या स्फोटात एका विद्यार्थ्याने हाताची बोटं गमावली. अमेरिकेतले रसायनशास्त्र विभाग हादरले. नियमांची पुस्तकं आधीही होतीच. मिनेसोटात २०१२ साली रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनिअरिंग या दोन विभागांतल्या संशोधकांनी डाऊ केमिकल कंपनीच्या सहकार्याने एक संयुक्त सुरक्षा गट उभा केला. प्रत्येक लॅबमधून एक विद्यार्थी किंवा पोस्ट-डॉक सुरक्षा प्रतिनिधी झाला. हे प्रतिनिधी एकमेकांच्या लॅबमध्ये फिरून पाहणी करू लागले.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की विद्यापीठाचा सुरक्षा अधिकारी येतो तेव्हा सूचना आधी आलेली असते. त्या दिवशी फ्यूम हूड रिकामा असतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल असतात. शेजारच्या लॅबमधला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी येतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की हूडच्या आत मागच्या कोपऱ्यात जुन्या सॉल्व्हंटच्या बाटल्या कशा साठतात, लेबलवरचं नाव कसं पुसट होतं, रात्री अकरा वाजता एकटं काम करताना कोट खुंटीवरच कसा राहतो. त्याच्या तपासणीत दंड नसतो. त्यामुळे ‘आमच्याकडे काल छोटी आग लागली होती’ हे त्याला सांगता येतं. चूक सांगितली की शिक्षा होईल ही भीती गेल्याशिवाय कुठल्याही लॅबमध्ये सुरक्षा येत नाही, हे मी माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत पाहिलं आहे. या विभागात २०१४ साली अझाइड वर्गातलं संयुग बनवताना स्फोट होऊन एक विद्यार्थी जखमी झाला. गट असूनही झाला. पण विभागाने ती हकीकत आणि त्यातून काढलेले धडे इतर रसायनशास्त्रज्ञांपुढे उघडपणे मांडले. ज्या विभागात विद्यार्थी आधीपासून मोकळेपणाने बोलत असतात, त्या विभागालाच हे जमतं.

दुसरं काम मनाच्या ताणाचं. याच विभागातल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राची मदत घेऊन आपल्या सहकाऱ्यांची पाहणी केली: ताण कशाने येतो, गाईडशी संबंध कसे आहेत, मदत मागावीशी वाटते का आणि नसेल तर का नाही. नावं गुप्त राहिली, उत्तरं एकत्र करून विभागापुढे ठेवली गेली आणि त्यावरून उपक्रम आखले गेले. हा सगळा अनुभव त्यांनी २०१८ साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये शोधनिबंध म्हणून छापला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच विभागाचं मोजमाप केलं, हे मला फार आवडलं. प्राध्यापकांपुढे ‘मुलं त्रासात आहेत’ असं म्हटलं की एखाद-दुसऱ्या मुलाचं नाव निघतं आणि चर्चा त्याच्या स्वभावावर घसरते. तक्ता पुढे ठेवला की चर्चा विभागावर येते. विज्ञानाच्या माणसांना आकड्यांची भाषा कळते. मंडळाने तीच बोलावी.

त्याच वर्षी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एक मोठी पाहणी आली होती. २६ देशांतल्या २३४ संस्थांमधल्या २२७९ जणांना त्यात प्रश्न विचारले होते आणि त्यांत बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी होते. मध्यम ते तीव्र चिंता किंवा नैराश्याची लक्षणं सुमारे ४० टक्क्यांमध्ये दिसली. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास धरलं होतं. ज्यांना त्रास आहे ते अशा पाहणीला जास्त संख्येने उत्तर देतात, हे मान्य करूनही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

बोस्टनजवळच्या एमआयटीमध्ये काही विभागांत यापुढचं पाऊल टाकलेलं आहे. तिथे निवडक विद्यार्थ्यांना तंटा सोडवण्याचं, नुसतं नीट ऐकून घेण्याचं प्रशिक्षण मिळतं आणि ते आपल्या विभागातल्या मुलांसाठी ठरलेल्या वेळी उपलब्ध असतात. बोललेलं त्यांच्यापाशी राहतं. सल्ला द्यायची घाई ते करत नाहीत.

इथे युनियन आणि मंडळ यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण आपल्याकडे विद्यार्थ्यांची कुठलीही संघटना म्हटली की विभागप्रमुखांना घोषणा ऐकू येऊ लागतात. मिनेसोटाच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनच्या विद्यापीठात, अध्यापन सहायक विद्यार्थ्यांची युनियन १९६६ साली स्थापन झाली आणि १९७० साली संप करून तिने पहिला करार मिळवला. मिनेसोटातल्या विद्यार्थ्यांनी २०१२ च्या मतदानात युनियन नाकारली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनीच ती प्रचंड बहुमताने स्वीकारली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या परिसरांत २०२२ च्या अखेरीस सुमारे ४८ हजार विद्यार्थी-कर्मचारी आणि संशोधक संपावर गेले, ते मुख्यतः वेतनासाठी. युनियनचा व्यवहार विद्यापीठाशी असतो आणि तो कराराच्या भाषेत चालतो. विभागातल्या मंडळाचा व्यवहार रोज जिन्यावर भेटणाऱ्या माणसांशी असतो. मंडळाने पगाराची बोलणी करायला जाऊ नये, तेवढं बळ त्याच्यात नसतं. आणि युनियनला प्रत्येक लॅबच्या हूडमध्ये डोकावणं जमत नाही. दोन्ही लागतात. त्यांचं काम एकमेकांत मिसळलं की दोन्हीही नीट होत नाही.

आपल्याकडे फेलोशिपच्या वाढीसाठी देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावं लागलं. जेआरएफची रक्कम २०१४ साली महिना २५ हजार झाली, २०१९ पासून ३१ हजार आणि २०२३ पासून ३७ हजार. प्रत्येक वाढीमागे अर्ज, निवेदनं आणि धरणी यांची मोठी रांग आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपसाठी मुलांना आंदोलनं करावी लागली. त्या लढ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मंजूर झालेली फेलोशिप खात्यात का येत नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा दिल्ली-मुंबईचा नसतो. तो विभागापासून प्रशासकीय इमारतीपर्यंतच्या पाचशे पावलांतला असतो.

यूजीसीची जेआरएफच घ्या. विद्यार्थ्याने महिना संपताना हजेरीचा कागद भरायचा, त्यावर गाईडची आणि विभागप्रमुखांची सही घ्यायची, तो विद्यापीठाच्या संबंधित विभागात द्यायचा. तिथे एक कर्मचारी कॅनरा बँकेच्या पोर्टलवर त्या महिन्याची नोंद करतो, त्याला ‘मेकर’ म्हणतात. दुसरा अधिकारी ती तपासून मान्य करतो, तो ‘चेकर’. दोघांचं काम झालं की पैसे निघतात. मेकर रजेवर गेला, किंवा चेकरची बदली होऊन नव्याचा लॉगिन तयार झाला नाही, तर विभागातल्या सगळ्यांची फेलोशिप अडते. नव्या मुलाला यातलं काही माहीत नसतं. पैसे आले नाहीत की त्याला वाटतं, आपल्याच कागदात काही चूक आहे. तो गाईडना विचारायला लाजतो, घरून पैसे मागवतो, मेसचं बिल थकवतो. गावाकडे आईवडिलांना वाटत असतं की मुलगा आता कमावतो. मंडळाचा एक माणूस महिन्यातून एकदा त्या खिडकीशी जाऊन सगळ्यांची यादी पाहून आला, तर वीस-पंचवीस घरांची चिंता एका फेरीत मिटते.

ही माहिती टिकवणं हे मंडळाचं मोठं काम आहे, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. प्राध्यापक पंचवीस-तीस वर्षं विभागात असतात, कार्यालयीन कर्मचारीही बराच काळ असतात. विद्यार्थी पाच-सहा वर्षांत जातो. जाताना तो कमावलेली सगळी व्यवहारी अक्कल घेऊन जातो: एचआरएच्या अर्जाला कुठला दाखला जोडायचा, कॉन्टिन्जन्सीची बिलं कुठल्या महिन्याआधी द्यायची, एनएमआरचा स्लॉट मिळवायचा तर कुणाला कधी भेटायचं, सिनॉप्सिस देण्याआधी ग्रंथालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र किती दिवसांत मिळतं. पुढचा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून ठेचा खातो. मंडळाने ही सगळी माहिती एका वहीत किंवा सगळ्यांना उघडता येईल अशा फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि दर जुलैला ती तपासून दुरुस्त करावी. त्यात नियमांनी दिलेले हक्कही असावेत. महिला संशोधकांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा मिळू शकते, ही तरतूद २०२२ च्या नियमांत आहे. पण लॅबमध्ये याविषयी विचारताना कितीतरी मुली अवघडून जातात. वहीत लिहिलेलं असेल तर विचारायची वेळच येत नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या विद्यापीठांची. आमच्या विभागात नंदुरबार, लातूर, चंद्रपूरकडून येणारी मुलं असत. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमातली. विषयात पक्की, हाताला वळण उत्तम, क्रिस्टल वाढवण्यात तर कुणाला हार न जाणारी. पण आरएसीपुढे इंग्रजीत वीस मिनिटं बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. स्लाइड वाचून दाखवायची आणि पहिल्याच प्रश्नाला गप्प व्हायची. समितीला वाटे, याला कामच कळलेलं नाही. याला उपाय सोपा होता. आरएसीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी सेमिनार हॉलमध्ये फक्त विद्यार्थ्यांपुढे सराव. प्राध्यापक नाहीत. पहिल्यांदा सगळं मराठीत सांगायचं, जणू समोर बारावीचा भाऊ बसला आहे. मग तेच इंग्रजीत. सिनिअर मुद्दाम आडवे प्रश्न विचारत: हा बिंदू रेषेबाहेर का आहे, ही शिखरं पाण्याची नाहीत कशावरून, नियंत्रण प्रयोग कुठे आहे? ज्याला उत्तर आलं नाही त्याला दोन दिवस मिळत. गाईडच्या प्रश्नाला घाबरणारा मुलगा मित्राच्या प्रश्नावर भांडतो, आणि भांडता भांडता आपलं काम त्याला नव्याने कळतं. विभागप्रमुखांनी मंडळाला एवढा हॉल आणि एवढा वेळ दिला, तरी त्या विभागाचं संशोधन सुधारेल याबद्दल मला शंका नाही.

गाईड मंडळींचा नेहमीचा आक्षेप असा की यात मुलांचा वेळ जातो. जातो. म्हणूनच मंडळाची कामं थोडी असावीत, आणि प्रबंध लिहीत असलेल्या पाचव्या-सहाव्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे पद देऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं यासाठी योग्य. कोर्सवर्क संपलेलं असतं आणि विभाग कळू लागलेला असतो. विभागाने मात्र मंडळाला आपलं स्वागत पथक समजू नये. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, परिषदेचे बिल्ले छापणं, खुर्च्या मांडणं यात मंडळाचं वर्ष गेलं तर ते मंडळ नव्हे, बिनपगारी मनुष्यबळ झालं. विद्यार्थ्यांनीही एक पथ्य पाळावं: बाहेरच्या पक्षांचं राजकारण मंडळात आणू नये. ज्याला ते करायचं आहे त्याने खुशाल करावं, ते त्याचं स्वातंत्र्य आहे. पण गाईडशी बिनसलेली एखादी मुलगी मंडळाकडे येते तेव्हा समोरचा प्रतिनिधी कुठल्या गटाचा, असा विचार तिच्या मनात येता कामा नये.

तशी मुलगी आली तर काय करायचं, यावर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली मर्यादा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मंडळाने न्यायनिवाडा करायचा नाही. ऐकून घ्यायचं, तारखांसह लिहून काढायला मदत करायची, गाईड बदलण्याचा नियम समजावून सांगायचा आणि तिला हवं असेल तरच सोबत जायचं: विभागप्रमुखांकडे, विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, तिथे दाद लागली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर थेट अंतर्गत समितीकडे, आणि तिच्या परवानगीशिवाय एक शब्दही कुठे बोलायचा नाही.

पुस्तिकेच्या शेवटी मंडळाच्या घटनेचा नमुना दिला आहे. पदं किती, निवडणूक कधी, वर्गणी असावी की नसावी, हे प्रत्येक विभागाने आपल्या सोयीने ठरवावं. दोन कलमं मात्र बदलू नयेत अशी माझी विनंती आहे. एक, जुन्या कार्यकारिणीने निवडणुकीनंतर दोन महिने नव्यांसोबत काम करावं, म्हणजे वही आणि खिडक्यांची ओळख हातोहात जाईल. दुसरं, प्रतिनिधी संपूर्ण विभागातून न निवडता प्रत्येक लॅबमधून एक असावा. आणि ज्या लॅबमध्ये एकच विद्यार्थी उरला आहे, तिथला तो विद्यार्थी आपोआप सभासद धरावा.